निजामपुऱ्याच्या गल्लीत ट्रेलर

मंडळी, या वीकएंडचा लेख एका मित्राच्या धाकट्या भावासाठी आहे. हे सगळं मी त्याला फोनवर दोनदा सांगितलंय. दोन्ही वेळा "हो भाई, बरोबर आहे तुमचं" म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी वेल्डिंगवाल्याने काढलेलं तेच चित्र मला पुन्हा पाठवलं. म्हणून आता लेखी. तुमच्यापैकी ज्यांना ट्रेलरशी काही देणंघेणं नाही त्यांनीही वाचा, कारण "आपलं स्वतःचं असावं" हा किडा आपल्या सगळ्यांनाच चावतो. ट्रेलरच्या जागी दुसरं काहीतरी असतं, एवढंच.

घर भिवंडीतल्या निजामपुऱ्यातलं. घराण्याचा धंदा अर्थात पॉवरलूमचा. मित्र माझ्यासारखाच कीबोर्ड बडवतो, त्यामुळे लूम बघायला उरले वडील (त्यांना आम्ही चाचा म्हणतो) आणि धाकटा भाऊ. सुताचा भाव, विजेचं बिल आणि कापडाला मिळणारा दर यांचं गणित गेली कित्येक वर्षं जुळत नाहीये, हे भिवंडीतलं कुठलंही पोर सांगेल. काही लूम भंगारात गेले. आलेल्या पैशात थोडं घरातलं सोनं आणि थोडं नातेवाइकांचं उसनं घालून धाकट्याने दोन सेकंडहँड एटीव्ही घेतल्या. म्हणजे त्या चार जाड फुगीर चाकांच्या, हँडलवाल्या गाड्या. नागाव-काशिदच्या किनाऱ्यावर तुम्ही बसला असालच. पडघ्याच्या पुढे एक माळरान भाड्याने मिळालंय. शनिवार-रविवारी ठाणे-कल्याणहून तुमच्याआमच्यासारखे लोक येतात, धुरळा खातात, फोटो काढतात, पैसे देतात. धंदा वाईट नाही.

गोची एकच. माळरानावर रात्री राखण करायला कुणी नाही, त्यामुळे गाड्या शुक्रवारी संध्याकाळी निजामपुऱ्यातून न्यायच्या आणि रविवारी रात्री परत आणायच्या. अंतर साधारण पाऊण तास (भिवंडीत अंतर किलोमीटरमध्ये सांगण्यात अर्थ नसतो). घरात जुनी बोलेरो आहे. तर तिच्या मागे जोडायला छोटा ट्रेलर बनवून घ्यावा, असा विचार. कुठला घ्यावा, एक एक्सलचा की दोन, पाटे किती, चाकं कुठली, हे त्याने मला विचारलं.

माझं उत्तर: कुठलाच नको. पण नुसतं "नको" म्हणणारा इंजिनियर काय कामाचा? म्हणून सविस्तर सांगतो.

आधी त्याच्या बाजूने. एटीव्ही चालवत न्यायची सोय नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे सार्वजनिक रस्त्यावर यायचं तर वाहनाची नोंदणी हवी. कारखान्यात किंवा बंदिस्त आवारातच वापरायचं खास वाहन त्यातून सुटतं, रस्त्यावर उतरलेलं नाही. आणि बहुतेक एटीव्ही आपल्याकडे नोंदवता येत नाहीत. मध्यंतरी पोलारिस कंपनीने एक मॉडेल ट्रॅक्टर म्हणून नोंदवता येईल असं आणलं होतं, पण धाकट्याकडे ते नाही. शिवाय त्या फुग्यासारख्या चाकांवर डांबरी रस्त्याने हायवे गाठणं म्हणजे आत्महत्येचा लांबचा मार्ग. तेव्हा गाडी कशावर तरी चढवूनच न्यायला हवी, हे मान्य.

आणि ट्रेलर ही वस्तू मुळात फार छान आहे, हेही मान्य. ऑनसाइट असताना अमेरिकेत दर शुक्रवारी संध्याकाळी बघायचो. साध्या मोटारीमागे हलका ट्रेलर, त्यावर एटीव्ही नाहीतर होडी, निघाले कुटुंबासकट. आपल्याकडे जसं टपावर सामान बांधतात तितकं सहज. तिथे लेनर्ड शोएन आणि त्याच्या बायकोने १९४५ साली यू-हॉल काढली तीच मुळी ट्रेलर भाड्याने देण्यासाठी. एका गावात घ्या, दुसऱ्या गावात सोडा. ज्या देशात ट्रेलर इतका मुरलाय तिथेही लोक तो भाड्याने घेतात, हे धाकट्याने जरा मनात ठेवावं.

पण तिथला ट्रेलर एकटा नसतो. त्याच्यामागे आकड्यांचं आख्खं लटांबर असतं. ओढणाऱ्या गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं की ही गाडी किती किलो ओढेल आणि हुकावर किती भार सोसेल. हुकांचे वर्ग ठरलेले असतात. पाच बाय आठ फुटी साध्या ट्रेलरच्या पाटीवर पुष्कळदा कमाल वजन २९९० पौंड लिहिलेलं दिसतं. २९९०च का? तर तिकडच्या बऱ्याच राज्यांत ३००० पौंडांपासून ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात. दहा पौंडांनी ब्रेकचा खर्च वाचवला! (जगात सगळीकडे बनियाबुद्धी सारखीच.) युरोपात बिनब्रेकच्या ट्रेलरची मर्यादा ७५० किलो, आणि तीही ओढणाऱ्या गाडीच्या वजनाच्या निम्म्याच्या आत.

आता निजामपुऱ्यात या. मोठी एटीव्ही सात फूट लांब, चार फूट रुंद, सव्वातीनशे किलो. पोरांसाठीची छोटी पाच फूट, सव्वाशेच्या आत. दोन्ही एकामागे एक उभ्या करायच्या तर मधल्या जागेसकट हौदा तेरा फुटांचा हवा. पुढे हुकापर्यंतचा दांडा चार फूट. झाले सतरा. बोलेरो तेरा फूट. म्हणजे तीस फुटांची, मधोमध मोडणारी आगगाडी. ही गल्लीत न्यायची, जिथे दोन हातगाड्या समोरासमोर आल्या तर एकाला कुणाच्या तरी उंबऱ्यावर चढावं लागतं.

आत जाणं जमेलही. बाहेर येणं बघा. गल्लीत वळायला जागा नाही, म्हणजे रिव्हर्स. ट्रेलर जोडून रिव्हर्स घेताना सगळं उलटं होतं. ट्रेलरची शेपटी डावीकडे हवी असेल तर स्टिअरिंग आधी उजवीकडे फिरवायचं, आणि ती वळायला लागली की लगेच तिच्यामागे जायचं. क्षणभर उशीर झाला की ट्रेलर कोयत्यासारखा दुमडतो आणि बोलेरोच्याच बंपरला भिडतो. आपल्या कामाच्या भाषेत सांगायचं तर पुढे ओढलेला ट्रेलर आपोआप सरळ होतो आणि मागे ढकललेला चुकीत भर घालत जातो. हे शिकता येतं, नाही असं नाही. पण शुक्रवारी संध्याकाळी, अंधार पडताना, गल्लीत पोरं क्रिकेट खेळत असताना शिकायची ही गोष्ट नव्हे. हुक काढून ट्रेलर हाताने ढकलावा म्हणाल तर रिकामा असला तरी तीनशे किलो.

हातगाडीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. या सगळ्या प्रकरणात ट्रेलरबद्दल सगळ्यात शहाणं बोलणं मी कुणाकडून ऐकलं असेल तर चाचांकडून, आणि त्यांनी आयुष्यात ट्रेलर हा शब्द वापरलेला नाही. सायझिंगमधून भरलेला बीम लूमच्या खोलीपर्यंत आणायला वर्षानुवर्षं हातगाडीच होती. दोन चाकं, मधे एक्सल, वर लांबलचक फळ्या, पुढे ओढणारा, मागे रेटणारा. बीम ठेवताना ओढणारा काय करतो बघा. आधी मध्यावर ठेवतो, मग पुढचा दांडा दोन बोटांनी उचलून बघतो. फार जड लागला तर बीम जरा मागे. अगदीच हलका लागला तर जरा पुढे. दांडा हातात थोडा, अगदी थोडा जड लागला पाहिजे. "पुढे ओझं नसेल तर चढावर गाडीच माणसाला उचलते," चाचा म्हणाले.

बैलगाडीवाल्यांकडे तर यासाठी नेमके शब्द होते. पुढचा भाग जड झाला की गाडी धुरजड, बैलांच्या मानेवर भार. मागे जड झाली की उलाळ, म्हणजे जू वर उचललं जातं आणि बैल लटकायची वेळ येते. अमेरिकन ट्रेलरवाले जे पानभर समजावून सांगतात (एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार हुकावर हवा, साधारण साठ टक्के माल एक्सलच्या पुढे, चाळीस मागे), ते आपल्या भाषेत दोन शब्दांत होतं. बैलगाड्या गेल्या, शब्दही गेले, आणि आता आपण ते इंग्रजीतून पुन्हा शिकतो. असो.

ट्रेलर उलाळ झाला तर बैल लटकण्याहून वाईट होतं. हुकावर पुरेसा भार नसला की वेग वाढल्यावर ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. आधी हळू, मग प्रत्येक हेलकाव्याला जास्त. चालवणारा घाबरून ब्रेक मारतो किंवा स्टिअरिंग उलटसुलट फिरवतो, आणि मग ट्रेलर गाडीला घेऊन आडवा होतो. बाजूने स्कूटरवर कोण चाललं होतं, तो त्याच्या नशिबाचा भाग.

म्हणून वेल्डिंगवाल्याचं चित्र मी एक्सेलमध्ये टाकलं (एक्सलचा हिशेब एक्सेलमध्ये, माफ करा, हा विनोद करायचाच होता). हौदा तेरा फूट, एक्सल पुढून साठ टक्क्यांवर, रिकामा ट्रेलर तीनशे किलो, हुक चार फूट पुढे. मोठी एटीव्ही पुढे आणि छोटी मागे ठेवली तर हुकावर सुमारे १२० किलो येतात. एकूण ७४० पैकी सोळा टक्के, म्हणजे थोडा धुरजड. अदलाबदल करून छोटी पुढे, मोठी मागे ठेवली तर तोच आकडा चाळीसच्या आसपास, सहा टक्क्यांच्याही आत. आणि एखाद्या आठवड्यात छोटी बिघडली म्हणून घरीच राहिली, मोठी मात्र मागेच उभी केली, तर हुकावरचा भार शून्याच्याही खाली! म्हणजे ट्रेलर बोलेरोचं ढुंगण वर उचलू बघणार. ट्रेलर तोच, गाड्या त्याच. फरक फक्त कुठली आधी चढवली याचा. आणि रविवारी रात्री दमून परत निघताना, धाकटा नसताना, त्याचा पोऱ्या गाड्या कुठल्या क्रमाने चढवेल याची हमी कोण देणार?

अजून एक गंमत. मोठी गाडी मागून चढवताना क्षणभर तिचं सगळं वजन हौद्याच्या मागच्या टोकावर असतं. त्या वेळी ट्रेलर बोलेरोला जोडलेला नसेल आणि मागे टेकू नसेल तर पुढचा दांडा खाडकन वर येतो. तिथे वाकून बघणाऱ्या माणसाचा जबडा असू नये, एवढीच प्रार्थना.

हे सगळं सांभाळलं असं धरू. मग ब्रेक. बोलेरो दीड टनाच्या वर, मागे पाऊण टन, ब्रेक मात्र बोलेरोचेच. म्हणजे थांबवायचं वजन जवळजवळ दीडपट. युरोपच्या नियमात हा ट्रेलर जेमतेम बसेल, हे प्रामाणिकपणे सांगतो. ७४० किलो आणि मर्यादा ७५०. पण तो ७४० माझ्या कागदावर. वेल्डिंगवाला "मजबूत पाहिजे ना शेठ" म्हणत जाड अँगल लावणार आणि तीनशेचे साडेतीनशे कधी झाले कळणार नाही. भिवंडीत मजबूत म्हणजे जड, हे समीकरण पक्कं आहे. आणि वंजारपट्टी नाक्याकडून हायवेपर्यंतचे पावसाळ्यातले खड्डे युरोपच्या नियमात धरलेले नाहीत. प्रत्येक खड्ड्यात हुकावरचा तो भार काही क्षण दुपटीने आदळतो, आणि हुक कुठे बसवलाय? तर त्याच वेल्डिंगवाल्याने बोलेरोच्या मागच्या क्रॉसमेंबरवर मारलेल्या वेल्डवर. कंपनीच्या पुस्तकात ही गाडी किती ओढेल याचा आकडा आहे का, हे त्याला मी विचारलं. तो म्हणाला, "भाई, ती तर ट्रकला ओढते." ओढते, खरंय. थांबवते का, हा प्रश्न होता.

कायद्याचं थोडक्यात. आपल्या कायद्यात मोटार वाहनाच्या व्याख्येतच ट्रेलर येतो. त्याची वेगळी नोंदणी, वेगळा नंबर, आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबर ट्रेलरवरही. नोंदणीशिवाय रस्त्यावर आणला तर ते विनानोंदणी वाहन. खाजगी गाडीने धंद्याचा माल वाहिला तर कायदा तिला मालवाहू म्हणूनच बघतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला विमा होता का, चालवणाऱ्याचा परवाना चालतो का, यावर आपल्याकडे वर्षानुवर्षं कोर्टबाजी झालीय. २००१ साली नागशेट्टीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की ट्रॉली जोडली म्हणून ट्रॅक्टर चालवायचा परवाना निकामी होत नाही. तिथे निदान ट्रॅक्टर होता, ट्रॉली होती, सगळ्यांना माहीत असलेली जोडी. गल्लीत बनवलेला, नंबर नसलेला ट्रेलर खाजगी बोलेरोमागे लावून कुणाला धडकलात, तर विमा कंपनीचा माणूस पहिला फोटो कशाचा काढेल? भरपाई मग घरातून. आणि घरात काय उरलंय, तर राहिलेले लूम.

इथे मला सरकारलाही एक शब्द ऐकवायचा आहे. आपल्या वर्गीकरणात पाऊण टनापर्यंतच्या ट्रेलरसाठी टी-१ असा वेगळा वर्ग कागदावर आहे. म्हणजे छोटा ट्रेलर ही कल्पना नियम लिहिणाऱ्याला सुचलेली होती. पण साध्या माणसाला मोटारीमागे जोडायला असा तयार, पाटी लावलेला, नोंदवता येणारा ट्रेलर शोरूममध्ये जाऊन घ्यायचा तर कुठे जाणार? शेतकऱ्याच्या ट्रॉलीपलीकडे आपली कल्पना गेलेली नाही. मधल्या जागेत मग वेल्डिंगवाला येतो, आणि त्याच्यामागून "चालतंय की". दोष वेल्डिंगवाल्याचा नाही. त्याला कुणी आकडे दिलेच नाहीत. उद्या कुणी गॅल्वनाइज्ड, दिवे-रिफ्लेक्टर असलेला, कमाल वजनाची पाटी ठोकलेला छोटा ट्रेलर रीतसर विकायला काढला तर मी माझं मत बदलीन. गल्लीबद्दलचं नाही, बाकीचं.

बरं, मग करायचं काय? पर्याय दारात उभा आहे. छोटा हत्ती. टाटांनी २००५ च्या मे महिन्यात एस आणली तेव्हा पुण्यात आमच्या ग्रुपमध्ये तिची थट्टा झाली होती. दोन सिलिंडर, ७०० सीसी, सोळा हॉर्सपॉवर, याने काय होणार? पण गिरीश वाघ यांच्या टीमने आधी तीनचाकी टेम्पोवाल्यांना जाऊन विचारलं होतं की तुम्हाला नक्की काय पाहिजे. त्यातून पाऊण टन वाहणारी, चार चाकांची, अरुंद गल्लीत वळणारी वस्तू निघाली. रिक्वायरमेंट गॅदरिंग कसं करावं याचं इतकं चांगलं उदाहरण आमच्या क्षेत्रातही कमीच. आज भिवंडीत काल्हेर-माणकोलीपासून पुढे गोदामांचं जे रान माजलंय (मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर म्हणून वाढलं, जकात २०१७ मध्ये गेली तरी गोदामं राहिली), त्याचा शेवटचा मैल अशाच छोट्या टेम्पोंवर चालतो.

हौदा सात फूट बाय पावणेपाच. मोठी एटीव्ही नेमकी बसते, पाठीमागचा फाळका लावून. वजनाची चिंता नाही. ब्रेक त्याचे स्वतःचे, दिवे त्याचे स्वतःचे, विमा आणि नंबर त्याचा. तीन टनांच्या आतल्या मालवाहू गाडीला परमिटही लागत नाही. आणि २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगून टाकलंय की हलक्या मोटारीचा परवाना असलेल्याला साडेसात टनांच्या आतलं मालवाहू वाहन चालवायला वेगळ्या शेऱ्याची गरज नाही. म्हणजे उद्या स्वतःची घेतली तरी धाकटा स्वतः चालवू शकतो.

अडचण लपवत नाही. हत्तीत दोन एटीव्ही बसत नाहीत. दहा फुटी पिकअपमध्येही मोठीच्या मागे छोटी आडवी घालावी लागेल, चौघांनी उचलून, बोटभर फरकाने. चौदा फुटी आयशरमध्ये दोन्ही आरामात जातील, पण आयशर गल्लीत येणार नाही. म्हणजे हत्तीच्या दोन फेऱ्या जायला, दोन यायला. धाकटा म्हणतो, "भाई, वर्षभराच्या भाड्यात ट्रेलर सुटेल." असेल. पावसाळ्याचे चार महिने माळरान बंद, म्हणजे वर्षाचे पस्तीसेक वीकएंड. उरलेले सगळे दिवस तो तेरा फुटी हौदा निजामपुऱ्यात उभा कुठे करणार, याचं भाडं त्याने धरलेलं नाही. मी विचारलं तर म्हणाला, "मशिदीच्या मागे." चाचा तिथेच बसले होते. त्यांनी फक्त बघितलं. विषय संपला.

त्याची दुसरी तक्रार जास्त खरी आहे. टेम्पोवाला शनिवारी फोन उचलत नाही, दुसरं मोठं भाडं मिळालं की आपल्याला टांग देतो, आणि गिऱ्हाईक माळरानावर येऊन उभं असतं. दुसऱ्याच्या चाकावर धंदा चालवणं म्हणजे काय, हे लूमवाल्याच्या पोराला मी कशाला सांगू? सूत व्यापाऱ्याचं, दर व्यापाऱ्याचा, आपली फक्त मजुरी, यातच त्या घराची दोन पिढ्या गेल्या. "आपलं असावं" यामागे ती जळजळ आहे. तिची मी थट्टा करणार नाही.

पण मग आपलं काय असावं, ते नीट निवडू या. माझ्या मते तीन वस्तू, आणि तिन्ही ट्रेलरहून स्वस्त.

पहिली चांगली फळी, म्हणजे रॅम्प. एटीव्ही चढवताना होणारे अपघात बहुतेक इथलेच. गाडी मागे उलटते नाहीतर चाकाच्या झटक्याने फळीच मागे सटकते. हौदा अडीच फूट उंच धरला तर पाच फुटी फळीवर चढ तीस अंशांचा होतो, सात फुटीवर एकवीस. हा नऊ अंशांचा फरक म्हणजे माणूस गाडीखाली येणं आणि न येणं. फळ्या दोन हव्यात, वर जाळीदार, आणि पट्ट्याने टेम्पोच्या चॅसीला बांधलेल्या. नुसत्या टेकवलेल्या नव्हेत. वेल्डिंगवाल्याला हेच काम द्या. इथे त्याचा मजबुतीचा हट्ट उपयोगाचा आहे.

दुसरी, चार रॅचेटचे पट्टे. नायलॉनची दोरी ताणते, गाठ सैल होते. जोरात ब्रेक लागला तर सव्वातीनशे किलोची गाडी अडीचशे किलोच्या जोराने केबिनकडे धावते. हँडब्रेक लावून ती थांबत नाही, कारण चाकं लॉक असली तरी पत्र्यावर घसरतात. चारी कोपऱ्यांतून खाली आणि बाहेर ओढून बांधायची, स्प्रिंग थोडे दबेपर्यंत. पट्ट्यावर लिहिलेला कामाचा भार वाचायचा, तुटायचा नव्हे.

तिसरी वस्तू म्हणजे ही ने-आणच कमी करणं. आमच्याकडे कोडची गती वाढवायच्या आधी विचारतात, हे काम करायची गरजच आहे का? गाड्या दर रविवारी परत का येतात? राखण नाही म्हणून. मग जुना लोखंडी मालाचा कंटेनर माळरानावर ठेवून त्याला आतून अडसर आणि बाहेरून दोन कुलपं लावली तर? भिवंडीत गोदामांच्या पट्ट्यात असे कंटेनर शोधायला लांब जावं लागत नाही. छोटी एटीव्ही तर नक्कीच तिथे राहू शकते, आणि मग मोठीची एकच फेरी उरते. जमीनमालक तिथेच पाड्यावर राहतो. महिन्याला ठरावीक रक्कम दिली तर तो रात्री एक चक्कर मारायला तयार होईल की नाही, हे त्याला अजून कुणी विचारलेलंच नाही.

धाकट्या, हे वाचत असशील तर या रविवारी दोन कामं कर. मोठी गाडी टेम्पोजवळ उभी करून हौद्याची उंची टेपने मोज. नुसती नजरेने नको, आणि रिकामा टेम्पो सपाट जागेवर असताना. आणि जमीनमालकाला कंटेनरचं विचार, तेही चाचांना बरोबर घेऊन, कारण तू एकटा गेलास तर तो भाडं वाढवेल. तोवर वेल्डिंगवाल्याला ॲडव्हान्स देऊ नकोस. आणि चित्र पाठवायचंच असेल तर फळीचं पाठव.